आबा एवढं पाणी पितात, तरी पायात गोळे का येतात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील, म्हणजे आबा, ५६ वर्षांचे, रावेर तालुक्यात स्वतःच्या केळीच्या बागेत रोज राबतात. बीपीची गोळी चालू आहे, शुगर काठावर आहे. एप्रिल लागल्यापासून संध्याकाळी पोटऱ्यांत गोळे येतात, डोकं जड होतं, दोनदा चक्कर आली. पाणी कमी पडत नाही, मोठा थर्मास दिवसातून दोनदा रिकामा होतो. रक्त तपासलं तर सोडियम १२८ आलं. आता एक डॉक्टर म्हणतात मीठ कमी पडलंय, ओआरएस द्या. बीपीचे डॉक्टर तर वर्षभर सांगत आलेत की मीठ कमी करा. त्यात ओआरएसमध्ये साखर. तुम्ही विचारलंय की यातलं खरं कोणाचं, आणि मीठ शरीरात नेमकं करतं तरी काय.

मी खानदेशातच एका तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. पारा ४४-४५ अंशांवर गेला की ‘डॉक्टर, पायमा गोया येतस’ म्हणत येणारे शेतकरी, मजूर, वीटभट्टीवरचे कामगार माझ्याकडे रोज असतात. बहुतेकांनी पाणी भरपूर प्यायलेलं असतं. म्हणून मला वाटतं, ‘मीठ चांगलं की वाईट’ हा तुमच्या घरातला खरा प्रश्न नाही. किती पाण्यात किती मीठ उरलंय, हा आहे. शरीर मिठाचं वजन पाहत नाही, ते पाण्यातलं त्याचं प्रमाण सांभाळतं. हे एकदा नीट उलगडलं की दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं एकाच गोष्टीतून आलंय हे दिसेल.

आधी काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगून टाकतो. आबांची बीपीची गोळी नेमकी कोणती, त्यांची मूत्रपिंडं कशी आहेत, हृदय अशक्त आहे का, पायावर सूज येते का, यावर सल्ला पार उलटा होऊ शकतो. सोडियम १२८ घामाने होतं, गोळीने होतं, थायरॉईड मंद असल्याने होतं, हृदय किंवा यकृत बिघडल्यानेही होतं. आणि प्रत्येक गोळा सोडियममुळेच येतो असंही नाही. मी इथे उन्हात राबणाऱ्या, बाकी धडधाकट माणसाचा हिशेब मांडतोय. आबांना तपासणारा डॉक्टर याहून जास्त जाणतो.

मिठाचा खडा पाण्यात टाकला की तो फुटतो. सोडियम आणि क्लोराईड हे त्याचे दोन भाग सुटे होतात, एकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण भार. असे भार असलेले कण म्हणजे आयन. शेताच्या पाण्याचा ‘ईसी’ तपासता तेव्हा मोजली जाते ती या आयनांमुळे पाण्यातून किती वीज वाहते ती. रक्तातही तेच आयन आहेत. ६० किलोच्या पुरुषाच्या अंगात साधारण ३६ लिटर पाणी असतं. त्यातलं दोन तृतीयांश पेशींच्या आत, एक तृतीयांश पेशींच्या बाहेर. रक्ताचं पाणी या बाहेरच्या हिश्श्यातलं. बाहेरच्या पाण्यात मुख्य धन आयन सोडियम, आतल्या पाण्यात पोटॅशियम. रिपोर्टवर सोडियम १३५ ते १४५ हवं असं छापलेलं असतं, ते लिटरमागे मिलिमोलमध्ये असतं. मिलिमोल म्हणजे वजन नव्हे, कणांची संख्या मोजायची ती रीत आहे. संख्याच का मोजायची, तर पाणी कुठे जाईल हे कणांच्या संख्येवर ठरतं, वजनावर नाही.

तुम्ही शेतकऱ्याच्या घरचे आहात, म्हणून एक उदाहरण देतो. झाडाच्या बुंध्याशी खत जास्त पडलं की जमीन ओली असूनही झाड माना टाकतं. मुळाबाहेरच्या पाण्यात क्षार इतके होतात की पाणी मुळात शिरण्याऐवजी उलट बाहेर ओढलं जातं. पाणी नेहमी कमी कणांच्या बाजूकडून जास्त कणांच्या बाजूकडे झिरपतं. पेशीच्या पातळ आवरणातून हेच होतं, याला परासरण म्हणतात. रक्तातलं सोडियम वाढलं की पेशीतलं पाणी बाहेर येतं आणि पेशी आक्रसतात. सोडियम उतरलं की बाहेरचं पाणी पेशीत घुसतं आणि पेशी फुगतात.

आबांचं १२८ म्हणजे यातली दुसरी गोष्ट, सोडियम उतरलेलं. त्यांच्या अंगात पाणी कमी असेलच असं नाही, आहे ते पाणी पातळ झालंय. पोटरीचा स्नायू थोडा फुगला तर निभतं. मेंदू मात्र कवटीच्या हाडात बंद आहे, त्याला फुगायला जागा नाही. म्हणून डोकं जड होणं, मळमळ, चक्कर ही लक्षणं आधी येतात. आकडा झपाट्याने आणखी खाली गेला तर माणूस असंबद्ध बोलू लागतो, फिट येऊ शकते. सोडियम हळूहळू उतरलं असेल तर मेंदूच्या पेशी आतले काही कण बाहेर टाकून जुळवून घेतात. म्हणूनच ते वर आणतानाही घाई चालत नाही. २४ तासांत ८ ते १० मिलिमोलपेक्षा जास्त वाढवायचं नाही, हा आम्हा डॉक्टरांचा पक्का नियम आहे. मूठभर मीठ खाऊन ‘लवकर भरून काढू’ हा प्रयोग घरी कोणी करू नये.

सोडियमचं दुसरं काम नसांचं आणि स्नायूंचं. प्रत्येक पेशीच्या आवरणात एक पंप बसलेला असतो. तो ३ सोडियम बाहेर फेकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो, सतत, झोपेतही, आणि त्यासाठी अन्नातून मिळालेली ऊर्जा खर्च करतो. त्यामुळे आत-बाहेर विजेचा फरक तयार राहतो. नस ‘पेटते’ तेव्हा दारं उघडतात, सोडियम आत धावतं आणि संदेश पुढे जातो. आबा फावडं उचलतात त्यामागे ही सोडियमची ये-जा आहे. हा समतोल बिघडला की स्नायू नको तेव्हा आखडतो.

इथे केळीचं बोलायलाच हवं. रावेर-यावल-सावद्याकडे गोळे आले की ‘केळी खा’ हा सल्ला हमखास मिळतो. केळं उत्तम फळ आहे. मध्यम केळ्यात पोटॅशियम ३५० ते ४०० मिलिग्रॅम असतं, पण सोडियम जवळजवळ नसतं. नारळपाण्याचंही तसंच, पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं. घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. म्हणजे जे गेलं ते भरत नाही, जे फारसं गेलंच नाही त्यात भर पडते. तरुण, निरोगी माणसाला याचा त्रास नाही, मूत्रपिंड जास्तीचं पोटॅशियम टाकून देतं. पण बीपीच्या टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या पोटॅशियम अंगात धरून ठेवतात. त्यात मूत्रपिंड थोडं जरी मंद असेल तर रोजचं नारळपाणी आणि पाच-सहा केळी हृदयाच्या ठोक्यांवर बेतू शकतात.

आता घामाचा हिशेब. एक लिटर घाम त्वचेवर वाळला की अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हवा अंगापेक्षा तापलेली असते तेव्हा शरीराकडे थंड व्हायचा दुसरा मार्गच नसतो. भर उन्हात कष्टाचं काम असेल तर तासाला एक लिटर घाम सहज जातो. आपल्याकडची हवा मे महिन्यात इतकी कोरडी असते की उघड्या रानात घाम दिसतही नाही, वाळून जातो, शर्टावर पांढऱ्या रेघा तेवढ्या उरतात. त्या रेघा म्हणजे मीठच. केळीच्या बागेत आत गेलं की गोष्ट वेगळी. ठिबकची ओल, मोठमोठी पानं, त्यांनी हवेत सोडलेली वाफ. आत हवा दमट असते, घाम वाळत नाही, गळतो. गळालेला घाम मीठ नेतो पण अंग थंड करत नाही, म्हणून शरीर आणखी घाम काढतं. बागेत सावली असूनही आबांचे हाल होतात ते यामुळे.

घामाच्या लिटरमागे सोडियम साधारण २० ते ४० मिलिमोल धरा, काहींचं याहून जास्त असतं. उन्हाची सवय झालेल्याचं कमी, कारण आठ-पंधरा दिवसांत घामग्रंथी सोडियम परत शोषायला शिकतात. पाच लिटर घाम म्हणजे १०० ते २०० मिलिमोल, मिठाच्या भाषेत ६ ते १२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, ते घरात-ऑफिसात बसणाऱ्या सर्वसाधारण माणसासाठी. तो सल्ला बरोबरच आहे. पण आबा एका दिवसात त्याहून जास्त मीठ बनियनमध्ये सोडून येतात.

आता समजा हे पाच लिटर त्यांनी साध्या पाण्याने भरून काढले. ३६ लिटर पाण्यातून १०० ते २०० मिलिमोल गेले, म्हणजे लिटरमागे ३ ते साडेपाचची घट. १४० चं १३५-१३७ होईल. नुसत्या घामाने आणि एका दिवसात १२८ होत नाही, हे इथे लक्षात घ्या. निरोगी मूत्रपिंड अशा वेळी मीठ अडवतं आणि जास्तीचं पाणी पातळ लघवीवाटे टाकून देतं, तासाला पाऊण ते एक लिटरपर्यंत. आकडा १२८ वर आलाय याचा अर्थ मूत्रपिंडाचं हे काम कशाने तरी अडलंय.

माझा पहिला संशय बीपीच्या गोळीवर आहे. हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन हे थायाझाइड वर्गातले घटक लघवीवाटे सोडियम बाहेर काढून बीपी उतरवतात. औषधं चांगली आहेत, स्वस्त आहेत, मी स्वतः लिहितो. पण मूत्रपिंडाच्या ज्या भागात लघवी पातळ केली जाते तिथेच ती काम करतात, त्यामुळे जास्तीचं पाणी बाहेर टाकणं जमेनासं होतं. म्हणजे घामाने मीठ गेलं, गोळीने मीठ गेलं, थर्मासने पाणी वाढवलं आणि ते पाणी बाहेर जायची वाटही अरुंद झाली. पुष्कळदा ही गोळी दुसऱ्या गोळीसोबत एकाच टिकडीत असते आणि नावाच्या शेवटी ‘एच’सारखं अक्षर तेवढं असतं. पाकिटाच्या मागचा बारीक मजकूर वाचून पाहा. हिवाळ्यात जिने काही त्रास दिला नाही, ती गोळी मे महिन्यात अंगावर येते, असं मी दर उन्हाळ्यात पाहतो.

इथपर्यंतचं थोडक्यात: आबांचं पाणी भरलं जातंय, मीठ भरलं जात नाहीये, आणि बहुधा गोळी त्यात भर घालतेय.

मग बीपीचे डॉक्टर चुकले का? नाही. सोडियम पाण्याला पेशीबाहेर धरून ठेवतं. घाम गाळत नसताना मीठ जास्त खाल्लं की पेशीबाहेरचं पाणी वाढतं, रक्तवाहिन्यांत दाब वाढतो. ‘मीठ कमी करा’ मागचं कारण हेच. पावसाळ्यात, थंडीत, लग्नसराईत घरी बसून पापड-लोणची-शेवभाजी खाताना तो सल्ला आबांना शंभर टक्के लागू आहे. मे महिन्यात बागेत सहा तास राबल्यावर त्याच आबांचा जमाखर्च वेगळा असतो. सल्ला देणाऱ्याला हा जमाखर्च कोणीतरी सांगायला हवा. पुढच्या वेळी ‘काम काय करता, कुठे करता’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

साखरेची शंका रास्त आहे, आणि रसायनशास्त्राचा सगळ्यात सुंदर भाग इथेच आहे असं मला वाटतं. आतड्याच्या पेशीवर एक वाहक प्रथिन असतं. ते दोन सोडियम आणि एक ग्लुकोज एकत्र मिळाले तरच त्यांना आत घेतं. दोघं आत गेले की परासरणाने पाणी त्यांच्या मागे जातं. ही जोडी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. कॉलऱ्यात आतडं पाणी ओतत असतं, तरी हे दार चालू राहतं, ही त्यातली मोठी गोष्ट. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने द्यायला सुरुवात केली. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. ओआरएसमधली साखर म्हणजे मिठाला आत नेणारा सोबती आहे. चवीसाठी किंवा ताकदीसाठी ती घातलेली नाही.

तीही मोजून घातलेली आहे. एक लिटरच्या पाकिटात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट, एकूण २०.५ ग्रॅम. ३०० मिलिलिटर थंड पेयाच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते आणि सोडियम नावाला. काठावरच्या शुगरला एक लिटर ओआरएस झेपतं, ती बाटली झेपत नाही. शिवाय इतकी साखर आतड्यात पाणी उलट ओढून घेते. शुगरसाठी डॅपाग्लिफ्लोझिन वर्गातली गोळी चालू असेल तर मात्र डॉक्टरांना सांगा. ती लघवीवाटे साखर काढते आणि सोबत पाणीही जातं, उन्हाळ्यात हे जपावं लागतं. दुकानात ‘ओआरएस’सारखी दिसणारी गोड पेयंही असतात. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे का ते पाहूनच घ्या. पूर्ण पाकीट पूर्ण एका लिटरमध्येच टाकायचं, ग्लासात अर्धं-पाऊण टाकायचं नाही, नाहीतर कणांचा सगळा हिशेब कोलमडतो.

ओआरएसमधल्या सायट्रेटचं काम सामू, म्हणजे आम्लतेचं मोजमाप (पीएच), सांभाळायचं. हा शब्द तुम्हाला माती परीक्षणातून माहीत असेल. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ इतक्या अरुंद पट्ट्यात राहावा लागतो. जुलाबात तो घसरतो, यकृत सायट्रेटचं बायकार्बोनेट करून तो सावरतं. नुसत्या घामाच्या त्रासात याचं फारसं काम पडत नाही.

आता ‘एक सलाईन लावून द्या’ याबद्दल. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी असतं, दुसरं काही नाही. एक लिटर ओआरएसमधलं सोडियमही जवळजवळ तेवढंच. उलटी नसेल, माणूस शुद्धीवर असेल, तोंडाने घेत असेल तर सुईची गरज नाही. मी अनेकांना हे समजावतो आणि ते ऐकतातही.

आबांसाठी मी काय केलं असतं ते सांगतो. आधी गोळी पाहिली असती. ती थायाझाइड असेल तर उन्हाळ्यापुरती बदलली असती. तुम्ही मात्र ती परस्पर बंद करू नका, बीपी उसळेल. पण १२८ आणि चक्कर असताना डॉक्टरांकडे जायला पुढच्या महिन्याची वाटही पाहू नका, आज-उद्याच जा. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि टीएसएच (थायरॉईडसाठी) तपासायला सांगितलं असतं आणि बदलानंतर काही दिवसांतच सोडियम पुन्हा पाहिलं असतं. मूत्रपिंड-हृदय ठीक असेल तर कामाच्या दिवशी थर्मासमधल्या पाण्यातलं एक लिटर ओआरएसने बदललं असतं. ते नको वाटलं तर एक लिटर पातळ ताकात अर्धा सपाट चमचा मीठ, दिवसभरात थोडं थोडं. दुपारी भाकरी-वरण पोटभर. कष्टकऱ्याचं बरंचसं मीठ जेवणातूनच परत येतं, आणि ऊन लागलं की जेवण टाळायची सवय इथे फार नडते. कामाची वेळ पहाटे पाच ते दहा. आणि जिथे घाम वाळतो तिथे, म्हणजे बागेबाहेर वारं लागेल अशा सावलीत, मधून मधून बसणं. साधं पाणी बंद करायचं नाही, तहान लागेल तेवढं प्यायचं, पण ‘उन्हाळा आहे’ म्हणून तहान नसताना थर्मास रिकामा करायचा नाही. जेवण पोटात असेल, लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसं आहे.

हे वाचणाऱ्यांत धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपड्याच्या सातपुड्याकडचे कोणी असतील तर त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये एका साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदललेलं असतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. तेवढ्या बदलाने हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. पेशीतलं पाणी कमी झालं की आतलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि चिकटण्याचा वेग फार वाढतो. या रुग्णांनी तहानेची वाट पाहू नये, आणि उन्हाच्या दिवसांत हातपाय किंवा छाती दुखू लागली तर ते गोळे समजून घरी थांबू नये.

शेवटचं, तुमच्या घरात सगळ्यांना माहीत असावं असं. आबांचं बोलणं असंबद्ध झालं, उलट्या थांबेनात, फिट आली किंवा अंग भट्टीसारखं तापून ते भ्रमिष्टासारखे वागू लागले, तर तो मीठ-पाण्याचा प्रश्न राहिलेला नसतो. अंगातलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की पेशींतली प्रथिनं आकार गमवायला लागतात, आणि आकार गेलेलं प्रथिन काम करत नाही. तेव्हा सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी, ओआरएस, कांद्याचा रस काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. दवाखान्यात गेल्यावर गोळ्यांचं पाकीट आणि १२८ चा रिपोर्ट दोन्ही दाखवा. कोणती बाटली लावायची आणि किती वेगाने, हे त्या दोन गोष्टींवर ठरणार आहे.